मुख्य मुद्दा 'शोधा' असं सांगतो आपण, पण शोधायचा कसा ते शिकवतो का?

शब्दपारखी

बरेच दिवस मनात घोळतंय ते आज लिहूनच टाकते, लांबलं तर सांभाळून घ्या. मी पाचवी ते आठवीच्या मुलांना भाषा शिकवते. उतारा वाचा, मुख्य मुद्दा सांगा, त्याला आधार देणारे तपशील लिहा, हा प्रश्न आजवर किती वेळा दिला असेन त्याची गणतीच नाही. आणि दरवेळी तेच होतं, चारपाच मुलं बरोबर लिहितात, बाकीची एकतर पहिलं वाक्य उतरवून काढतात नाहीतर जे वाक्य भारी वाटलं ते. मग मी लाल पेनाने खुणा करते, बरोबर उत्तर फळ्यावर लिहिते, मुलं ते वहीत उतरवतात, की पुढचा उतारा.

मध्यंतरी एका मुलीने विचारलं, "बाई, हाच मुख्य मुद्दा आहे हे तुम्हाला कसं कळलं?" आणि मला सांगता येईना. उत्तर माहीत होतं, पण मी त्या उत्तरापर्यंत कुठल्या वाटेने गेले ते शब्दांत मांडता येईना. तेव्हा एकदम जाणवलं की मी इतकी वर्षं हे फक्त विचारत आणि तपासत आलेय. शिकताना डोलोरेस डर्किन यांचं १९७८-७९ चं काम वाचलं होतं, त्यांनी अमेरिकेतल्या वर्गांत बसून अक्षरशः मिनिटं मोजली होती, आणि वाचनाच्या तासात 'आकलन कसं करायचं' हे प्रत्यक्ष शिकवण्यात जाणारा वेळ एक टक्क्याहूनही कमी निघाला होता. बाकी सगळा वेळ प्रश्न, उत्तरं, वर्कशीट. तेव्हा परीक्षेपुरतं पाठ केलं होतं, त्या मुलीच्या प्रश्नानंतर ते खरं टोचलं.

मग मी एक छोटा उतारा स्वतः लिहिला आणि वर्गाला दिला. हा बघा:

"ऑक्टोपसला तीन हृदयं असतात. त्यातली दोन कल्ल्यांकडे रक्त पाठवतात आणि तिसरं बाकीच्या शरीराला पुरवतं. ऑक्टोपसचं रक्त निळं असतं. तो पोहायला लागला की हे तिसरं हृदय धडधडायचं थांबतं, त्यामुळे पोहताना तो लवकर थकतो. म्हणूनच जिवावर बेतलं नसेल तर तो पोहण्यापेक्षा तळावरून सरपटत जातो."

जवळजवळ निम्म्या वर्गाने लिहिलं 'ऑक्टोपसला तीन हृदयं असतात'. बऱ्याच जणांनी 'ऑक्टोपसचं रक्त निळं असतं'. काहींनी नुसतं 'ऑक्टोपस'. एकाने 'ऑक्टोपसची माहिती'.

दुसऱ्या दिवशी तोच उतारा फळ्यावर लिहिला आणि म्हटलं, आज तुम्ही काहीच लिहायचं नाही, मी वाचताना माझ्या डोक्यात काय काय चालतं ते नुसतं ऐका. आणि मोठ्याने विचार करायला लागले. तीन हृदयं, बरं, म्हणजे हृदयांबद्दल असेल का हा उतारा? धरून ठेवते, पुढे बघते. दोन कल्ल्यांसाठी, एक शरीरासाठी, हो, अजून हृदयच चाललंय. निळं रक्त, अरे वा, पण हे मागच्या वाक्याला कुठे जोडू? जोड सापडत नाही, बाजूला ठेवते. पोहताना तिसरं हृदय थांबतं, थांबा, आता गाडी हृदयावरून पोहण्यावर आली. थकतो. म्हणूनच सरपटतो. अच्छा! म्हणजे ती तीन हृदयं आली होती ती हे सांगायला! माझा पहिला अंदाज चुकला, मी तो बदलते.

वर्गात शांतता. मग मागून एक मुलगा म्हणाला, "बाई, तुम्हीपण आधी चुकता?" त्याला हे नवीनच होतं. त्याची समजूत अशी की ज्यांना वाचता येतं त्यांना उत्तर दिसतंच, आणि आपल्याला दिसत नाही म्हणजे आपल्यात काहीतरी कमी. मला वाटतं हे त्या सगळ्या उताऱ्यापेक्षा मोठं शिकणं होतं.

त्यानंतर दोनच प्रश्न ठेवलेत. हे कशाबद्दल आहे? आणि त्याबद्दल काय म्हणायचंय? पहिल्याचं उत्तर म्हणजे विषय, तो एकदोन शब्दांत येतो. दुसऱ्याचं उत्तर म्हणजे मुद्दा आणि त्याला क्रियापद लागतंच. 'ऑक्टोपस' हा विषय. 'ऑक्टोपसचं पोहणं' हाही विषयच. 'पोहताना एक हृदय थांबत असल्याने ऑक्टोपस पोहणं टाळतो' हा मुद्दा. क्रियापद नसेल तर उत्तर अजून पूर्ण झालेलं नाही, एवढा एक नियम सांगितला आणि निम्मी घोटाळी उत्तरं गेली.

तुम्ही लोक काय करता? शिक्षक, पालक, कोणीही लिहा.

---

संध्याकाळचा_वर्ग

छान लिहिलंय ताई, पण थोडं वेगळं मत आहे माझं. मी शिकवणी घेतो, माझ्याकडे येणाऱ्या मुलांची परीक्षा दोन महिन्यांवर असते, मोठ्याने विचार वगैरे करायला वेळ कुठून आणायचा. मी सरळ सांगतो, पहिलं वाक्य बघ, नाही पटलं तर शेवटचं बघ. दहापैकी सहासात वेळा जमतं आणि बिचाऱ्या कच्च्या मुलाला हातात धरायला काहीतरी मिळतं. पूर्ण कोरं सोडण्यापेक्षा बरं ना.

---

शब्दपारखी

@संध्याकाळचा_वर्ग दादा, तुमची अडचण कळतेय, आणि मुलाच्या हातात काहीतरी द्यायला हवं हे शंभर टक्के मान्य. पण जमतं ते कशामुळे माहितीये का, पाठ्यपुस्तकातले आणि परीक्षेतले उतारे बरेचदा तसे बेतून लिहिलेले असतात. रिचर्ड ब्रॅडॉक यांनी १९७४ मध्ये अमेरिकन मासिकांतले २५ निबंध घेऊन परिच्छेद न् परिच्छेद तपासला होता, तर मुख्य विधानाने सुरू होणारे परिच्छेद निघाले फक्त १३ टक्के. म्हणजे मूल पुढे जाऊन वर्तमानपत्र, लेख, काहीही खरंखुरं वाचायला लागलं की हा नियम त्याला दगा देणार. आणि नियम मोडला की त्याच्याजवळ दुसरं काहीच उरत नाही.

तुम्ही नियम द्याच, फक्त त्याला एक शेपूट जोडा. पहिलं वाक्य बघ, आणि मग प्रत्येक वाक्याला विचार, तू ह्या पहिल्या वाक्यासाठी काम करतोयस का? दोन वाक्यं 'नाही' म्हणाली तर पहिलं वाक्य मुख्य नाही. एक मिनिट जास्त जातं, बस.

---

तिसरा_बाक

मी शिक्षक नाही, पण हा धागा वाचून लिहावंसं वाटलं. शाळेत मी तो पहिलं वाक्य उतरवणारा मुलगा होतो. मला वाचता व्यवस्थित यायचं, अडचण 'मुख्य' ह्या शब्दाची होती. मला वाटायचं मुख्य म्हणजे सगळ्यात भारी. मग ज्या उताऱ्यात सगळ्यात भारी गोष्ट निळं रक्त असेल तिथे मी निळं रक्तच लिहिणार की. चूक आली की वाटायचं बाईंना निळं रक्त आवडत नसेल, त्यांना दुसरं काहीतरी आवडतं, आता पुढच्या वेळी त्यांना काय आवडेल ते ओळखायचं. कितीतरी वर्षं मी उतारा सोडून शिक्षकांचा चेहरा वाचत होतो.

मला कळलं खूप उशिरा, नोकरीत रिपोर्ट लिहायला लागल्यावर. स्वतः लिहिताना लक्षात आलं की आपल्याला एक सांगायचं असतं आणि बाकीचं आपण त्याच्यासाठी गोळा करतो. म्हणजे मुख्य हे लिहिणाऱ्याच्या दृष्टीने मुख्य. मला वाचताना काय आवडलं ते वेगळं. हे एक वाक्य कोणी सहावीत सांगितलं असतं तर फार बरं झालं असतं.

---

वहीचं_शेवटचं_पान

@तिसरा_बाक अगदी मनातलं लिहिलंत. ह्याला अभ्यासात नावही आहे, भुरळ घालणारे तपशील म्हणता येईल मराठीत. रूथ गार्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये कीटकांवरचा उतारा वाचायला दिला होता, त्यात मधेच एक वाक्य घातलं होतं की अमुक भुंगेरा पाठीवर पडला की टक्‌ असा आवाज करत हवेत उडी मारून सरळ होतो. वाचणाऱ्यांना तो भुंगेरा लक्षात राहिला आणि खरे मुद्दे मागे पडले. आणि हे मोठ्या माणसांच्या बाबतीतही दिसलं, नुसत्या मुलांच्या नाही. तेव्हा निळं रक्त लिहिणाऱ्या मुलांना कच्चं समजू नका प्लीज, ते वाक्य खरंच ओढून नेतं.

मी वर्गात काय करतो, मुलांना भारी वाटलेलं वाक्य आधी मोकळेपणाने सांगू देतो. त्याच्या शेजारी चांदणी काढा म्हणतो. चांदणी काढली की त्यांचं मन भरतं, मग म्हणतो आता लेखकाचं वाक्य शोधू. दोन्हीला जागा मिळाली की गोंधळ होत नाही.

---

सागरतळ

माझं शिक्षण जीवशास्त्रातलं, त्यामुळे ऑक्टोपसवर बोलल्याशिवाय राहवत नाही :) शब्दपारखी ताई, तुम्ही निळं रक्त बाजूला ठेवलंत, पण मी उतारा वाचला तेव्हा मला ते वाक्य अजिबात सुटं वाटलं नाही! रक्त निळं असतं कारण त्यात आपल्यासारखं लोहवालं हिमोग्लोबिन नसतं, तांब्यावर चालणारं हिमोसायनिन असतं, आणि ते आपल्या हिमोग्लोबिनच्या मानाने ऑक्सिजन कमी वाहून नेतं. म्हणजे मुळात रक्तातून ऑक्सिजन कमी, त्यात पोहताना एक हृदय बंद, मग थकणारच ना तो. माझ्या डोक्यात ते वाक्य आपोआप थकण्याला आधार देणारं तपशील बनलं.

मग माझं उत्तर चूक की बरोबर?

---

शब्दपारखी

@सागरतळ हा प्रश्न वाचून मी खरंच दहा मिनिटं थांबले. तुमचं उत्तर चूक नाही. उताऱ्याने जी जोड दिली नव्हती ती तुम्ही तुमच्या माहितीतून दिलीत. आणि माझ्या वर्गातल्या एखाद्या मुलाने हे केलं असतं तर मी कदाचित त्याच्या वहीवर फुली मारली असती, हे लिहिताना वाईट वाटतंय.

ह्यावरून रेक्ट आणि लेस्ली यांचा १९८८ चा बेसबॉलचा प्रयोग आठवला. सातवी आठवीच्या मुलांना एका सामन्याचं वर्णन वाचायला दिलं. वाचनात कच्ची समजली जाणारी पण बेसबॉल चांगला माहीत असलेली मुलं, वाचनात पक्की पण बेसबॉल न कळणाऱ्या मुलांच्या पुढे गेली. आणि हे नुसतं आठवण्यात नाही, कुठली वाक्यं महत्त्वाची हे निवडण्यातसुद्धा. म्हणजे मुख्य मुद्दा ओळखणं हे सुट्टं कौशल्य नाही की एकदा आलं की कुठल्याही उताऱ्यावर चालवलं. ज्या विषयाची काहीच ओळख नाही तिथे सगळी वाक्यं सारख्याच उंचीची दिसतात.

तेव्हापासून ठरवलंय, उतारा देण्याआधी पाच मिनिटं त्या विषयावर गप्पा. आणि 'हे तपशील का निवडलंस?' हे विचारल्याशिवाय फुली नाही. कारण देता आलं आणि ते पटण्यासारखं असलं तर मार्क.

---

आठवीची_आई

नमस्कार, मी पालक आहे, मधेच घुसते. माझी मुलगी अभ्यास करताना हायलाइटर घेऊन बसते आणि पूर्ण पान पिवळं करते, अगदी पूर्ण, दोन ओळी सोडल्या तर. विचारलं तर म्हणते आई सगळंच महत्त्वाचं आहे. आणि वाचून झाल्यावर पुस्तक मिटून काय वाचलंस विचारलं की एकतर पहिल्यापासून घडाघडा सांगायला लागते नाहीतर गप्प. कष्ट खूप करते हो, त्यामुळे बोलायलाही जीव होत नाही. घरी काय करता येईल? मला स्वतःला ह्यातलं काही येत नाही.

---

वहीचं_शेवटचं_पान

@आठवीची_आई ताई, आधी हे सांगतो की ती आळशीपणा करत नाहीये, उलट काही सुटू नये म्हणून घाबरतेय. निवडायचं कसं माहीत नसलं की माणूस सगळंच उचलतो. डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये अभ्यासाच्या दहा पद्धती तपासल्या होत्या, त्यात नुसत्या हायलाइट करण्याचा उपयोग अगदी कमी निघाला. रंगवताना हात चालतो, निर्णय होत नाही.

असं करून बघा. परिच्छेद पहिल्यांदा वाचताना हातात काहीच नको, पेन्सिलसुद्धा नाही. वाचून झाला की पुस्तक पालथं ठेवायचं आणि तुम्हाला एका वाक्यात सांगायचं. एकच वाक्य, 'आणि' लावून लांबवायचं नाही. मग पुस्तक परत उघडून बघायचं की त्या वाक्याला कोण कोण आधार देतंय, आणि तेवढंच रंगवायचं. निवड आधी, रंग नंतर. पहिले काही दिवस ती चिडेल कारण हे सावकाश होतं. तुम्हाला उत्तर माहीत असायची गरज नाही, फक्त 'कशाबद्दल?' आणि 'त्याबद्दल काय?' विचारत रहा.

---

अनुस्वार

मराठीत आपल्याकडे ह्या कामासाठी काही फार चांगल्या खुणा आहेत आणि आपण त्या व्याकरणाच्या तासाला शिकवून सोडून देतो, उताऱ्याच्या तासाला त्यांची आठवणही काढत नाही.

उदाहरणार्थ पण, मात्र, तरीही. बऱ्याचदा 'पण'च्या आधी लोकांचं म्हणणं असतं आणि 'पण'च्या नंतर लेखकाचं. "अनेकांना वाटतं वाळवंटात काहीच जगत नाही. पण..." मुलं पहिलं वाक्य उचलतात आणि लेखकाच्या बरोब्बर उलट मुद्दा लिहून मोकळी होतात. संध्याकाळचा वर्ग दादा, तुमचा पहिल्या वाक्याचा नियम सगळ्यात जास्त इथे फसेल.

उदाहरणार्थ, जसं की, शिवाय, तसंच हे आले की समजायचं आता तपशील येतायत, मुद्दा मागे होऊन गेला. म्हणून, त्यामुळे, थोडक्यात आले की मुद्दा पुढे असण्याची शक्यता.

आणि माझा सगळ्यात लाडका, च. शब्दपारखी ताईंच्याच उताऱ्यात बघा, 'म्हणून' नाही, 'म्हणूनच' आहे. त्या एका अक्षरात लेखकाने बोट ठेवून दाखवलंय की हे बघ, इथपर्यंत यायचं होतं. अर्थात प्रत्येक 'च' मुख्य मुद्द्यावर बसत नाही, 'असतातच', 'होतंच' असे कितीतरी येतात, म्हणून मुलांना हा नियम म्हणून देऊ नका, 'इथे थांबून बघ' एवढंच सांगा.

एक शंका मात्र आहे. गोष्टीचं काय? कथेला मुख्य मुद्दा विचारला की मुलं तात्पर्य लिहितात.

---

शब्दपारखी

'च'चं कधी लक्षातच आलं नव्हतं, आणि उतारा माझाच! उद्याच वापरते.

@अनुस्वार गोष्टीला मी तो प्रश्नच विचारत नाही आता. माहितीपर लेखनात वाक्यं मुद्द्यासाठी राबतात, गोष्टीत घटना एकमेकींना ढकलतात. तिथे कोणाला काय हवं होतं, आड काय आलं, त्याने काय केलं, शेवटी काय बदललं, हे विचारलं की गोष्टीचा कणा हाताला लागतो. तात्पर्य ही त्यानंतरची गोष्ट आणि चांगल्या कथेत ते एकच असेल असंही नाही.

---

संध्याकाळचा_वर्ग

मान्य, 'पण'वाला मुद्दा एकदम पटला. काल जुन्या उताऱ्यांचा गठ्ठा काढून बघितला, ज्यांत माझी मुलं हमखास चुकतात त्यांतले बरेच 'असं मानलं जातं की' नेच सुरू होणारे निघाले. इतके दिवस मी मुलांना निष्काळजी म्हणत होतो.

अजून एक विचारायचंय. काही मुलं इतकी अडखळत वाचतात की वाक्याच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात विसरलेली असतात. त्यांच्याकडून मुद्दा कसा काढून घ्यायचा?

---

वहीचं_शेवटचं_पान

त्यांना वाचूनच दाखवा की. अक्षरं जुळवण्यातच सगळी ताकद जातेय तर विचाराला काय उरणार. मी आधी ऐकवतो, मुद्द्यावर तोंडी बोलतो, मग तोच उतारा त्यांना वाचायला देतो. वाचनाचा सराव वेगळा चालू ठेवायचाच, पण तो पूर्ण होईपर्यंत विचार करणं थांबवून ठेवायचं कारण नाही. माझ्याकडे एक मुलगा आहे, वाचताना प्रत्येक जोडाक्षरावर अडतो, पण ऐकून मुद्दा सांगण्यात वर्गात पहिला. हे वर्गाला कळल्यापासून त्याचा आवाजच बदललाय.

आणि हो, एक उलटी कसरत सांगायची राहिली. आपण नेहमी उतारा देऊन मुद्दा मागतो. मी तपशील देतो आणि मुद्दा लिहायला लावतो. उदाहरणार्थ ही तीन वाक्यं:

बरीचशी वटवाघळं आवाजाचा प्रतिध्वनी ऐकून अंधारात वाट काढतात.
साप जीभ बाहेर काढून हवेतले वासाचे कण टिपतो.
मधमाशीला आपल्याला न दिसणारे अतिनील किरण दिसतात.

आता ह्या तिघांवर मावेल असं एक वाक्य लिहा. पहिली उत्तरं येतात 'प्राण्यांची माहिती', ह्याला क्रियापदच नाही. मग 'प्राणी खूप हुशार असतात', हे इतकं ढगळ की त्यात काहीही बसेल, माकड हत्यार वापरतं तेही. मग 'वटवाघळं आवाजाने वाट काढतात', हे आखूड, साप आणि मधमाशी बाहेर राहिले. असं मापं बघत बघत एक गट पोचतो 'काही प्राण्यांना आपल्याला न जाणवणाऱ्या गोष्टी जाणवतात' इथपर्यंत. ढगळ, आखूड आणि मापाचं, हे तीन शब्द आता मुलं एकमेकांचं तपासताना आपणहून वापरतात. "तुझं आखूड होतंय, दुसरा तपशील उघडा पडला."

हे मी मुद्दाम करतो कारण अ‍ॅन ब्राउन आणि जीन डे यांनी १९८३ मध्ये सारांश कसा बनतो ते तपासलं होतं. फालतू वाक्य गाळणं लहान मुलांनाही जमतं. उताऱ्यात असलेलं मुख्य वाक्य निवडणं त्याहून अवघड. आणि उताऱ्यात नसलेलं मुख्य वाक्य स्वतः तयार करणं सगळ्यात अवघड, ते सगळ्यात उशिरा येतं. आपण 'शोधा' म्हणतो तेव्हा मुलाला वाटतं ते कुठेतरी छापलेलं आहे. नसेल तर? मूल शोधतच बसतं.

---

तिसरा_बाक

शेवटची ओळ वाचून थांबलो. खरंय. 'शोधा' ऐवजी 'एका वाक्यात बांधा' म्हटलं असतं तरी मला कळलं असतं काय करायचंय ते.

---

आठवीची_आई

दोन आठवडे झाले, सांगायचं होतं म्हणून आले. पहिले चारपाच दिवस फारच वाईट गेले, पुस्तक पालथं ठेवायचं म्हटलं की डोळ्यांत पाणी. एकदा हायलाइटर लपवून ठेवलाय का म्हणून भांडण पण झालं. मी उत्तर सांगत नव्हते कारण मला माहीतच नसायचं, तेवढं एक बरं झालं.

काल एक परिच्छेद होता चंद्रावरचा. तिथे दिवसासुद्धा आकाश काळं दिसतं. बोललेलं ऐकू जात नाही. १९६९ मध्ये माणसाच्या पावलांचे जे ठसे उमटले ते अजून तसेच असतील. दिवसा प्रचंड तापतं आणि रात्री प्रचंड गार होतं. एवढंच. तिने वाचलं, पुस्तक पालथं ठेवलं. कशाबद्दल? चंद्र. त्याबद्दल काय? 'चंद्रावर आकाश काळं असतं.' मी म्हटलं ठशांचं काय मग, ते बाहेर राहिले का? 'चंद्र खूप वेगळा आहे.' मग स्वतःच म्हणाली नाही, हे ढगळ झालं (हा शब्द मी इथूनच नेला होता). मग बराच वेळ काही बोलली नाही, मला वाटलं आता चिडणार. खिडकीकडे बघत बसली आणि एकदम म्हणाली, "आई, तिथे हवाच नाहीये ना. म्हणून आवाज नाही, म्हणून ठसे पुसले जात नाहीत, म्हणून सगळं असं आहे."

मी पुस्तक उघडून तीनदा बघितलं. हवा हा शब्द त्या परिच्छेदात कुठेच नव्हता.

---

शब्दपारखी

ताई, तुम्ही काय लिहिलंय हे तुम्हाला कळलंय का, वरच्या प्रतिसादात जे सगळ्यात अवघड म्हटलंय तेच केलंय तिने, नसलेलं वाक्य तयार केलं! अंगावर काटा आला वाचताना. आणि तिने शेवटी तीनदा 'म्हणून' लावून सगळे तपशील स्वतःच जोडून दाखवले, हे तिला कोणी सांगितलंही नव्हतं. तिला माझ्याकडून शाबासकी द्या, आणि तो चंद्राचा उतारा मी माझ्या वर्गात वापरू का?

---

आठवीची_आई

वापरा की, तिला सांगते, खूश होईल. एक अडलंय फक्त. आज इतिहासाचा धडा घेतला, त्यात एका परिच्छेदात अर्ध्यापर्यंत छपाईयंत्र आल्यामुळे पुस्तकं कशी स्वस्त झाली ते आहे आणि मग पुढे राजेलोक छापण्यावर बंदी का घालायला लागले ते. तिला एका वाक्यात बसवताच येईना, मलाही येईना. दोघी अर्धा तास बसलो होतो.

---

वहीचं_शेवटचं_पान

मग दोन वाक्यं लिहू दे ना. परिच्छेदात दोन मुद्दे असतील तर ते एकात कोंबायचे नाहीत. जिथे पहिला मुद्दा संपून दुसरा सुरू होतो तिथे पेन्सिलने एक आडवी रेघ मारायला सांगा, आणि वरच्या तुकड्याचं एक, खालच्याचं एक. नंतर जमलं तर विचारा, पहिल्यामुळे दुसरं झालं का? पण ते उद्या.